हंगामी अ‍ॅलर्जी जोरात असेल तर मेडिकलवरून काय घ्यावं, काय घेऊ नये

धरणगावला आमचं मेडिकल आहे आणि काउंटरला मी स्वतः उभी असते. गणपती उठले की नाक पुसत येणारी माणसं वाढायला लागतात, ती थेट होळीपर्यंत. बहुतेकांचं मागणं एकच: ‘ताई, नाक गळी ऱ्हायनं, काहीतरी कडक दे.’ मी उलट विचारते, जास्त छळतं काय? शिंका आणि खाज, बंद नाक, की डोळे? या तिन्हींची औषधं वेगळी आहेत. नाक चोंदलेल्या माणसानं शिंकांची गोळी दुप्पट घेतली तरी नाक उघडत नाही, फक्त झोप येते. आपली तक्रार ओळखून तिचं औषध घेतलं, वेळेआधी सुरू केलं आणि हंगामभर रोज घेतलं, तर अगदी जोराचा त्रास असणाऱ्यांचेही दिवस बरे जातात. हे मी काउंटरवर रोज सांगते, पण मागे रांग असते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी ही अ‍ॅलर्जीच आहे का ते बघा

नाकातून पाण्यासारखं पातळ येतं, सकाळी उठल्या-उठल्या शिंकांवर शिंका, नाकात, टाळूला, कानात आतून खाज, डोळे लाल, ताप मात्र नाही, आणि दरवर्षी साधारण त्याच महिन्यांत हे होतं, तर ती अ‍ॅलर्जी धरा. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते, तिच्यात घसा दुखतो, अंग मोडून येतं. मी सगळ्यात जास्त भरवसा खाजेवर ठेवते. खाज नाही आणि ताप आहे, तर अ‍ॅलर्जीची गोळी मागू नका.

आपल्या खानदेशात हंगाम एकच नसतो. पाऊस ओसरताना बांधावरची गवतं, हराळी आणि मक्याचे तुरे यांचे पराग उडतात. त्याच सुमाराला गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरतं. १९५०च्या दशकात ते पुण्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं. आज पडीक प्लॉट, रस्त्याची कड, शाळेची मागची भिंत, कुठेही बघा. त्याचे पराग नाकात गेले की शिंका, आणि अंगाला लागलं की कातडीवर खाज आणि चट्टे. मग दिवाळीची झाडलोट, माळ्यावरची धूळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू आणि दादर ज्वारीची मळणी, भुशासोबत उडणारी बुरशी, शिवाय वावळ आणि वेडी बाभूळ यांचे पराग.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. सुटीनंतर कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो, पुढच्या दिवसांत थोडं हलकं वाटतं, असं होत असेल तर ते कापसाच्या धुरळ्यानं फुप्फुसाला होणारं दुखणं असू शकतं. त्यावर माझ्याकडची कुठलीच गोळी चालणार नाही. छातीच्या डॉक्टरांकडेच जा.

लाल रेघ

अमेरिकेत सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, इतकंच काय फ्लुटिकासोनचा नाकाचा स्प्रेही चिठ्ठीशिवाय मिळतो. तिकडून पुतणे-भाचे ते डबे आणतात आणि लोक मला विचारतात, मग इथे का नाही देत? आपल्या औषध कायद्यात चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांचा असा वेगळा वर्ग आखलेला नाही. पाकिटावर लाल उभी रेघ असली की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं, आणि अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच औषधांवर ती रेघ असते. म्हणून हंगाम लागायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा आणि गोळी, नाकाचा स्प्रे, डोळ्यांचे थेंब हे सगळं एकाच चिठ्ठीवर किती दिवसांसाठी ते लिहून घ्या. सलाईनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा स्प्रे, मास्क, चष्मा, डोळ्यांना ओलावा देणारे साधे थेंब हे तुम्ही केव्हाही येऊन घ्या. आणि परदेशातून आलेल्या डब्यावर नावापुढे इंग्रजी ‘डी’ असेल तर त्यात नाक उघडणारं दुसरं औषध, बहुतेक वेळा स्यूडोएफेड्रिन, घातलेलं असतं. बीपीवाल्या आजी-आजोबांना ते देऊ नका.

शिंका, खाज आणि वाहतं नाक

इथे काम गोळीचं आहे. मोठ्या माणसाला सेट्रिझिन १० मिलिग्रॅम, लेव्होसेट्रिझिन ५, लोराटाडिन १०, फेक्सोफेनाडिन १२० किंवा १८०, नाहीतर बिलास्टिन २०. यातली कोणतीही एकच, दिवसातून एकदा. ताकदीत यांच्यात फार फरक नाही. फरक आहे झोपेत. सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिननं काहींना चांगलीच गुंगी येते, लोराटाडिननं कमी, फेक्सोफेनाडिननं सगळ्यात कमी.

हा फरक आपल्याकडे जिवावरचा आहे. मळणीच्या दिवसांत माणूस सकाळी गोळी घेतो आणि थ्रेशरच्या तोंडाशी पेंढ्या लावायला उभा राहतो. हात कुठे जातोय याचं भान अर्ध्या सेकंदानं उशिरा आलं तरी पुरे. ट्रॅक्टर चालवणारे, रात्री सुरत-नागपूर हायवेवर गाडी हाकणारे, जिनिंगच्या मशीनवर उभे राहणारे, या सगळ्यांना मी फेक्सोफेनाडिनच सुचवते, थोडं महाग पडलं तरी. आणि कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची ती रात्री, दुसऱ्या दिवशी मशीनवर जायचं नसेल तेव्हा. दारूबरोबर तर कुठलीच नाही.

फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबरच घ्या. मोसंबी, संत्रं, सफरचंद यांच्या रसाबरोबर घेतलं तर ते अंगात नीट शोषलंच जात नाही. अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध घेत असाल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्यायचं, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

दुसरी अडचण म्हणजे त्रास झाला की घ्यायची आणि बरं वाटलं की सोडायची. हंगाम चालू आहे तोवर रोज ठरल्या वेळी घ्या. आठवडाभर नीट घेऊनही फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बदला, मात्र एकीवर दुसरी चढवू नका.

अ‍ॅव्हिलसारख्या जुन्या गोळ्या, म्हणजे फेनिरामिन आणि क्लोरफेनिरामिन, अजून लोकांच्या तोंडी आहेत. त्या काम करतात, पण गुंगी जबरदस्त आणि ती दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. ज्या आजोबांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूवाल्यांच्या डोळ्यांचा दाब वाढू शकतो, वयस्कर माणूस भांबावतो. साठीच्या पुढच्यांना मी या गोळ्या सुचवत नाही.

सर्दीची मिसळ गोळी

स्ट्रिप उलटी करा. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात: पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन, कधी त्यात कॅफिन. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, अंग दुखत नसतं, मग पॅरासिटामॉल कशाला? फेनिलएफ्रिन नाक मोकळं करायला म्हणून घालतात. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं की पोटातून घेतलेलं फेनिलएफ्रिन बंद नाकावर चालत नाही, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये त्या प्रशासनानं ते काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. उरलं क्लोरफेनिरामिन, म्हणजे वर सांगितलेली झोपेची जुनी गोळी. तुम्ही रोज सेट्रिझिन घेत असाल आणि वरून ही घेतली, तर एकाच जातीची दोन औषधं पोटात गेली.

लहान मुलांच्या सर्दीच्या सिरपमध्येही हीच जोडी असते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये काढला. घरात जुनी बाटली पडली असेल तर ती वाचा, आणि शेजारणीनं दिलेलं सिरप बाळाला पाजू नका.

मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिनची जोडगोळीही लोक नाव घेऊन मागतात. तीही लाल रेघेची आहे. मॉन्टेलुकास्टनं काहींना झोप उडणं, चिडचिड, उदासी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, म्हणून मार्च २०२०मध्ये अमेरिकेत त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. इतर औषधांनी भागत नसेल तेव्हा डॉक्टर ती देतात. ती काउंटरवर मागून घ्यायची गोष्ट नाही. बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनच्या बारीक गोळ्या आणि ‘एकच सुई टोचा’ याबद्दल तर मी हात जोडून सांगते. स्टिरॉइड आहे ते. घेतल्यावर संध्याकाळपर्यंत जादू केल्यासारखं वाटतं, म्हणूनच माणूस पुन्हा येतो. साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस घेऊन एकदम सोडलं तर जीव धोक्यात येतो. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल, मी ते चिठ्ठीशिवाय देत नाही.

नाक बंद असेल तर स्प्रे

जोराच्या अ‍ॅलर्जीवर, विशेषतः बंद नाकावर, गोळीपेक्षा चांगलं काम फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकाचा स्प्रे करतो. नाव स्टिरॉइडचं असलं तरी औषध अगदी थोडं, एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम, आणि ते नाकातच काम करतं. गोळ्या-सुयांशी त्याची बरोबरी करू नका. लोक तो नाकारतात तो ‘सवय लागते’ या भीतीनं. याची सवय लागत नाही. सवय लागते ती नाक उघडणाऱ्या थेंबांची, ते पुढे सांगते.

स्प्रे काही तासांत थोडा आराम देतो, पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून तो हंगामाच्या आधी सुरू करायचा. दसरा-दिवाळीला त्रास होतो त्यांनी गणपती उठले की सुरू करा. गव्हाच्या मळणीला, होळीच्या सुमाराला होतो त्यांनी महाशिवरात्रीला नवी बाटली उघडा.

आता मारायची पद्धत, कारण दहातले बहुतेक जण चुकीचा मारतात आणि मग स्प्रेला नावं ठेवतात. बाटली हलवा. नवी असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत दाबा. नाक हलकेच शिंकरून घ्या. मान मागे टाकू नका, थोडी पुढे झुकवा, पायाच्या बोटांकडे बघताय अशी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. टोक आत थोडंच घालायचं आणि त्याच बाजूच्या कानाकडे, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखायचं. मधल्या पडद्यावर मारलं तर तो सुकतो आणि रक्त येतं. दाबताना हलका श्वास घ्या, तपकीर ओढल्यासारखा जोरात नको. जोरात ओढलं की औषध घशात उतरतं, तोंड कडू होतं आणि नाकाला काहीच मिळत नाही. शेवटी टोक पुसून टोपण लावा. किती फवारे ते चिठ्ठीवर असेल. त्रास आटोक्यात आला की डॉक्टर ते कमी करतात. रक्त येत राहिलं तर थांबवा आणि दाखवा.

ओट्रिव्हिन, नॅसिव्हिऑन हे थेंब म्हणजे झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन. पाच मिनिटांत नाक उघडतं, म्हणून माणूस खूश. पण तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, मग पुन्हा थेंब, आणि मग खिशात बाटली असल्याशिवाय माणूस झोपू शकत नाही. आमच्याकडे असे बरेच येतात. वर्षानुवर्षं ही बाटली उशाशी घेऊन झोपणारे. त्यातून सुटायला मधला मार्ग आहे: डॉक्टरांना विचारून स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करायचा, सलाईननं नाक धुवायचं, थेंब आधी एका नाकपुडीत बंद करायचे, मग दुसऱ्या. आठवडाभर जड जातं, मग नाक स्वतः उघडतं.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं

सगळ्यात स्वस्त आणि कुणालाही चालणारा उपाय, आणि सगळ्यात कमी लोक करतात. पराग आणि धूळ नाकातून धुऊन निघते. नंतर स्प्रे मारला तर तो चिकटतोही चांगला. तयार पुड्या आणि पिचकारीची बाटली मिळते. घरी करायचं तर पाव लिटर पाण्यात चहाचा सपाट अर्धा चमचा बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा.

पाण्याबाबत मात्र हयगय नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येतं अशी गावं मोजकी; ड्रममध्ये, टाकीत साठवलेलं पाणी आपण वापरतो. ते किंवा बोअरचं कच्चं पाणी नाकात घालू नका. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर वाचणं कठीण. पाणी खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या, मगच वापरा. भांडं रोज धुऊन कोरडं करा. बेसिनवर वाकून, तोंड उघडं ठेवून, तोंडानं श्वास घेत एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून आपोआप बाहेर येतं.

वाफेचं विचारतात. वाफेनं घटकाभर बरं वाटतं, अ‍ॅलर्जी त्यानं जात नाही, आणि उकळतं भांडं उलटून भाजलेली लेकरं बघितली की वाफ नकोशी होते.

डोळे

चोळू नका. चोळल्यानं खाज आणखी भडकते. गार पाण्याची घडी ठेवा, ओलावा देणारे साधे थेंब घाला. फ्रिजमध्ये ठेवलेले असले तर जास्त बरं वाटतं. तेवढ्यानं नाही भागलं तर केटोटिफेन किंवा ओलोपॅटाडिनचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या, खाजेवर ते चांगले आहेत. घरात उरलेली डोळ्यांची जुनी बाटली घालायची नाही. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली दोन दिवसांत जाते खरी, पण असे थेंब महिनोन्‌महिने घालत राहिल्यानं काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

औषधाइतकंच महत्त्वाचं

मळणीला, झाडलोटीला, गाजर गवत उपटायला एन-९५ मास्क लावा. तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो, पराग नाही. डोळ्यांना कडेनं बंद असलेला चष्मा. गाजर गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट काढा. घरी आल्यावर कपडे बाहेरच बदला, केसांवरून अंघोळ करा, मगच अंथरुणाला पाठ टेका. नाहीतर शेतातले पराग रात्रभर उशीवर.

भरिताच्या पार्ट्यांबद्दलही सांगायलाच हवं. थंडीत शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची, हे सुख आपल्या खानदेशातच. पण सुजलेल्या नाकाला तो धूर सोसत नाही. दम्याच्या माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जाळापासून लांब बसवा आणि भरीत त्याच्या ताटात नेऊन द्या.

कुणाकुणी आपल्या मनानं काहीच घेऊ नये

दिवस गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, दोन वर्षांखालची बाळं, किडनीचे रुग्ण. किडनी कमजोर असेल तर सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिनचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर औषध अंगात साठतं. श्वास घेताना छातीतून शिटीसारखा आवाज, रात्री खोकल्यानं जाग येणं, जिना चढताना धाप, हे दम्याचं लक्षण असू शकतं, गोळीवर भागवू नका. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण वास येणारा शेंबूड, गालात ठणका आणि ताप, हेही तपासायलाच हवं. ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, तर मेडिकलकडे येऊ नका, १०८ला फोन करा.

गोळी आणि स्प्रे दोन्ही नीट, पूर्ण हंगाम वापरूनही दरवर्षी हाल होत असतील, तर कान-नाक-घशाच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटून कातडीवरची चाचणी करून घ्या. नेमकं कशाचं वावडं आहे ते कळलं तर त्यावर काही वर्षं चालणारे, थोड्या-थोड्या मात्रेनं शरीराला सवय लावणारे उपचार आहेत. चाचणीच्या आधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर चाचणीत काही दिसत नाही. ती कधी थांबवायची हे तारीख घेतानाच विचारा. जाताना तुमच्या स्ट्रिपा, स्प्रेची बाटली आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाला, कुठे असताना त्रास वाढतो, हे एका कागदावर लिहून सोबत न्या.